ताईला त्या पुस्तकात शोधू नका

बाबा,

शेजारच्या काकूंनी विरंगुळा म्हणून दिलेली कादंबरी मी तुमच्या उशाखालून काढून नेतेय. हरवलेल्या बहिणीची गोष्ट या घरात द्यायची, काय म्हणावं या बाईला! त्या मुलीचे हालहाल होतात ती पानं तुम्ही परत परत वाचता आणि भरल्या ताटावरून उठता. आपल्या ताईचं तसंच झालं, असं कुणी सांगितलं?

पोलिसांचा फोन आला होता. नदीकाठी एका बाईचा मृतदेह सापडलाय, ओळखायला बोलावलंय. तुमचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास खा.

ती नसेल तर लगेच फोन करते. असेल तर घरी येऊनच सांगेन.

दर वेळी असं ओळखायला जाताना मी म्हणायचे, देवा, ताई नसू दे. आज तसं म्हणवत नाहीये, बाबा.

धाकटी