आधी पाणी मागा

ती. अण्णा,

इंग्लंडातून राजेश्री पाया पडते. मी बरी हाय. थंडी वाढली, पण आईनं दिलेली गोधडी हाय, काळजी करू नका. येलदरी धरण भरलं का? कापूस वेचायला बाया मिळाल्या का?

इथं मी ज्या पक्षाचं काम करते, तो निवडणुकीत सपाटून पडला. लोकांचा भरोसा परत कसा मिळवायचा, यावर नुसत्या बैठका चालल्यात. शनिवारी आमी घरोघर गेलो. एका म्हाताऱ्यानं दार अर्धंच उघडलं. म्हणाला, "मतं पाहिजेत तेव्हाच येता तुम्ही." सोबतचे लोक पत्रक देऊन निघाले. मला तुमची रीत आठवली: मत दिलं नाही त्याच्या घरी आधी जायचं, पाणी मागायचं. मी पाणी मागितलं.

तो गोंधळला, इथं असं कोणी मागत नाही. पण आत बोलावून पाणी दिलं. बंद झालेली बस, बायकोचं आजारपण, लय वेळ बोलत बसला. मी मताचं नाव काढलं नाही. निघताना म्हणाला, "मत देईनच असं नाही. पण परत ये."

फोनवर तुमी विषय बदलता, म्हणून लिहिते. आई सांगत होती, ग्रामपंचायतीत आपलं पॅनल पडल्यापासून तुमी पारावर जात नाही. तुमचे जुने दोस्त महारुद्रकाका दुसऱ्या पॅनलकडून होते, तर त्यांची गल्लीसुद्धा टाळता. मला मात्र गुडघा दुखतो म्हणून सांगितलंत.

अण्णा, इथल्या म्हाताऱ्यानं अनोळखी बाईला पाणी दिलं. काका तुमाला नाही म्हणतील का?

तुमची लेक,
राजेश्री