संत योसेफाचं नाक

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा (पदाने फादर, वयाने शहात्तर, तुझ्यापुढे अजून शेंबडाच) शिरसाष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण आहे, पण ते पहिल्याच ओळीत सांगण्याइतका धीर माझ्यात नाही, तेव्हा आधी तब्येतीची चौकशी करतो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? डोळ्याच्या ऑपरेशननंतर पत्रं सूनबाई वाचून दाखवते, असं तू मागे कळवलं होतंस. तसं असेल तर तिला इथेच थांबव, चहा टाकायला पाठव आणि पुढचं चष्मा लावून तू स्वतः वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

माझं म्हणशील तर प्रकृती उत्तम. दात नवे आहेत, कान जुने आहेत. चष्मा मात्र मागच्या महिन्यात स्वयंपाकाच्या मावशींच्या चष्म्याशी बदलला गेला (एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच फ्रेमचे दोन घेतले होते). त्यांच्या चष्म्यातून मी वेदीवर उभं राहून अख्खी मिस्सा म्हटली. पुस्तकातलं एक अक्षर दिसत नव्हतं, पण पन्नास वर्षांनंतर दिसायची गरजही उरत नाही, हे लक्षात आलं आणि जरा वाईटच वाटलं. त्याच सकाळी मावशींनी माझ्या चष्म्यातून सूप केलं आणि मिठाच्या जागी साखर घातली. चूक लोकांना त्यांचीच तेवढी कळली. बाकी रोजचं चालू आहे. आमचा प्लंबर दर शनिवारी येऊन मोरीतल्या नळाला अशा काही शिव्या घालतो की भिंतीवरच्या पोपसाहेबांच्या तसबिरीकडे बघवत नाही. (हे पापनिवेदनात ऐकलेलं नाही, मोरीबाहेर उभं राहून ऐकलंय, त्यामुळे सांगायला हरकत नाही.) बिशपसाहेब दर पाच वर्षांनी सगळ्यांच्या बदल्या करतात, पण मला एकतीस वर्षांपूर्वी इथे ठेवलं आणि बहुतेक विसरले. मीही आठवण केली नाही.

आता मुद्द्याजवळ येतो. (मुद्द्यावर नाही, जवळ.) तुला आमच्या चर्चच्या पॅरिश कौन्सिलच्या सेक्रेटरींचं छापील निमंत्रण मिळालं असेल. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, त्यामुळे ते वाटेत हरवलं असेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. माझ्या गुरुदीक्षेला पुढच्या महिन्यात पन्नास वर्षं होतात, त्याचा समारंभ आहे आणि प्रमुख पाहुणी तू आहेस. त्या निमंत्रणात तुझ्याबद्दल ‘ज्यांच्या पश्चात्तापाने आमच्या मुलांची एक पिढी घडली’ असं छापलंय. आपण कधी आणि कसला पश्चात्ताप केला, असा प्रश्न तुला पडला असेल. भाऊजींनी तर तो नक्कीच विचारला असेल, आणि वर हसलेही असतील.

खरं सांगायचं तर तू आली नाहीस तरी इथे कोणी वाईट वाटून घेणार नाही. प्रवास दहा तासांचा. पाहुण्यांच्या खोलीचं छत गळतं, पलंगाचा एक पाय आखूड आहे, जिना शिडीसारखा उभा. सुपाचं वर सांगितलंच. शिवाय समारंभात सहा भाषणं आहेत आणि त्यातलं एक माझं. ऐंशीव्या वर्षी तू हे सगळं का सोसावंस? साधं दोन ओळींचं पत्र पाठव की प्रकृतीमुळे येता येत नाही. मी ते सर्वांना वाचून दाखवीन आणि अगदी खऱ्यासारखं वाचीन. मला तो सराव आहे. कसा आहे, तेच आता सांगायचंय.

बाबांचा कारखाना तुला आठवतो का? घरामागची ती पत्र्याची शेड, रंध्याच्या सालपटांचा ढीग, चुलीवर रटरटणारं सरसाचं भांडं. दुपारी बाबा जेवून जरा आडवे झाले की त्यांचं कामाचं बाकडं माझी वेदी व्हायचं. आईची पांढरी चादर अंगावर घेतलेला मी, वाटीने गोल कापलेले पावाचे तुकडे आणि समोर उपड्या खोक्यावर तू. भाविक तू, गायनमंडळ तू, प्रवचनात खोकणारे म्हातारे गृहस्थ तू आणि उशिरा येऊन मागे उभे राहणारे लोकही तूच (त्यासाठी तुला उठून बाहेर जाऊन परत आत यावं लागायचं). इतकी लक्ष देऊन ऐकणारी मंडळी मला पुढे पन्नास वर्षांत मिळाली नाहीत. ताज्या लाकडाचा वास आला की अजून माझे हात आपोआप आशीर्वादाला उठतात. परवा फर्निचरच्या दुकानात उठले, तर दुकानदाराला वाटलं मला कपाट पसंत पडलं. ते दिवस मला फार आठवतात, ताई. तेव्हा माझा देवावर जसा विश्वास होता तसा पुन्हा बसायला मला पुष्कळ पुस्तकं वाचावी लागली, आणि तरी तो तितका घट्ट बसला नाही.

तर त्या शेडमध्ये एकदा चर्चचा संत योसेफ आला. प्लॅस्टरचा, माझ्या छातीएवढा. खालची लाकडी बैठक कुजली म्हणून नवी करायला पाठवला होता. सुतारांचा संत सुताराच्या घरी आला म्हणून बाबा खुशीत होते, आणि हात लावायचा नाही म्हणून आपल्या दोघांनाही बजावलं होतं. त्या दुपारी तू माझ्या मिस्सेला आली नाहीस. चर्चच्या सणाला अर्पणाचं गाणं एकटीने म्हणायला दाढीवाल्या फादरांनी तुला निवडलं होतं, त्याची तयारी तू आतल्या खोलीत करत होतीस. दोन महिने भांडी घासताना, पाणी भरताना तेच गाणं. आईलासुद्धा पाठ झालं होतं. भाविक कोणीच नाही म्हटल्यावर मी संत योसेफालाच भाविक करायचं ठरवलं. कमरेला मिठी मारून त्याला बाकड्यासमोर ओढला. तो आला, पण नाकावर आला.

आवाज ऐकून तू धावत आलीस, तुझ्यामागून बाबा. बाबांनी एकदाच विचारलं, कोणी केलं? मी तोंड उघडलं तर शब्दाऐवजी उचकी बाहेर पडली. दुसरी उचकी यायच्या आत तू म्हणालीस, “माझ्या हातून पडला.” तू अकरा वर्षांची होतीस, मी सात. बाबांनी हात उगारला नाही. जाऊन फादरांना सांगून ये, एवढंच म्हणाले. तू गेलीस, सांगितलंस, आणि फादरांनी तुझं गाणं काढून डॉक्टरांच्या मुलीला दिलं. सणाच्या दिवशी ती वरच्या ओळीला बेसूर झाली. तू तिसऱ्या बाकावर बसली होतीस, तुझे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मी तुझ्या शेजारी बसून तूच दिलेली लिमलेटची गोळी चोखत होतो. बाबांनी सरसाने नाक चिकटवलं ते थोडं लांब झालं आणि संत योसेफ आपल्या मोठ्या मामांसारखा दिसायला लागला. त्यावर सगळं घर हसलं, तूही हसलीस. मी तेव्हा सांगू शकलो असतो. दुसऱ्या दिवशीही सांगू शकलो असतो. मग शाळा, मग फादर व्हायला सेमिनरी, मग तुझं लग्न, आणि त्यानंतर ते सांगण्याइतकं मोठं नाहीच, असं मी स्वतःचं स्वतः ठरवून टाकलं.

इथवरचं तुला माहीत आहे. पुढचं नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी इथे नवा आलो आणि उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी पश्चात्तापावर प्रवचन द्यायला उभा राहिलो. पाचव्या मिनिटाला निम्मे लोक पेंगत होते, बाकीचे घड्याळ बघत होते. माझ्या तोंडातून निघून गेलं की एका मुलीने एकदा संत योसेफाची मूर्ती फोडली. अख्खं चर्च जागं झालं. पुढच्या वर्षी ती ‘माझ्या ओळखीची एक मुलगी’ झाली आणि तिसऱ्या वर्षी ‘माझी सख्खी ताई’. मग दर वर्षी थोडं मीठमिरची. आधी तू मांजरावर ढकललंस (आपल्याकडे मांजर कधी नव्हतं). मग तुला तीन दिवस ताप आला. मग तू रडत रडत सगळं कबूल केलंस आणि बाबांनी तुला मिठी मारली. आपल्या बाबांनी! ज्यांनी जन्मात फळीखेरीज कशालाही मिठी मारली नाही. आणि ताई, त्या गोष्टीत एक धाकटा भाऊसुद्धा आहे. तो बहिणीसाठी प्रार्थना करतो. हे लिहिताना माझे कान तापलेत.

लोकांना तू अतिशय आवडतेस. इथल्या आया मुलांना दटावतात की फादरांच्या ताईसारखं खरं बोलायला शीक. आमच्या मावशींच्या हातून कप फुटला की त्या आतूनच ओरडतात, “फादर, आज माझी ताई झाली!” आणि आता समारंभात धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं यावर नाटक करणार आहेत. ते गाण्याच्या बाईंनी बसवलंय (चर्चचं गायनमंडळही त्यांच्याकडेच आहे). तू पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. हे कळलं आणि दुसऱ्याच सकाळी शेजारच्या पॅरिशमधल्या म्हाताऱ्या फादरांकडे जाऊन मी पापनिवेदन केलं. (माझंच असल्यामुळे हेही सांगायला हरकत नाही.) ते आधी पोट धरून हसले, मग म्हणाले की पहिलं प्रायश्चित्त, ज्यांना खोटं सांगितलं त्यांना खरं सांगा; दुसरं, बहिणीला स्वतःच्या हाताने पत्र लिहा, फोन चालणार नाही.

पहिलं मी मागच्या रविवारी केलं. वेदीसमोर उभा राहून सांगितलं की मूर्ती मी फोडली, मांजर नव्हतं, ताप नव्हता, ताईने माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. बोलताना उचकी लागली. मला वाटलं, आता हे उठून जातील. तर गाण्याच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मिस्सा संपल्यावर प्लंबरने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, “कळलं फादर. ताई पहिल्यांदाच येताहेत, त्यांना चारचौघांत लाज वाटू नये म्हणून तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत. भाऊ असावा तर असा.” मी नाही म्हटलं. तो आणखीच गहिवरला. जितकं नाही म्हणावं तितका मी मोठा होत चाललोय. सेक्रेटरींनी तर नाटकात शेवटी एक प्रवेश वाढवला, त्यात म्हातारा भाऊ बहिणीचा दोष आपल्या माथी घेतो. एकतीस वर्षं खोटं सांगितलं तेव्हा कोणी एक शंका काढली नाही, आणि एकदा खरं बोललो तर कोणी ऐकून घेईना. माझं पाप तर मी तुझ्या नावावर केलंच होतं, आता तुझं पुण्यही माझ्या नावावर जमा झालंय. पन्नास वर्षं पापनिवेदनाच्या जाळीआड बसून लोकांना सांगत आलो की एकदा खरं बोलून टाका, हलकं वाटेल. त्या सगळ्यांची मला माफी मागावीशी वाटते. सगळ्यात आधी तुझी. ताई, मला क्षमा कर. गाण्यासाठी तर खास कर.

तर असं आहे. तेव्हा प्रकृती सांभाळ, प्रवासाची दगदग करू नकोस, न येण्याचं पत्र वेळेवर पाठव. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद (तो तरी मी अधिकाराने देऊ शकतो). तुझी माया आजवर न मागता मिळाली, या पत्रानंतरही मिळावी एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा

ता. क. छत दुरुस्त करून घेतलंय. पलंगाच्या पायाखाली ठोकळा मीच बसवला, बाबांच्या हाताखालचं तेवढं अजून येतं. तू खालच्या माझ्या खोलीत झोप, मी वर जाईन. सूप मावशी तुझ्यासमोर चाखून वाढतील.

ता. क. २. अर्पणाच्या वेळी ते जुनं गाणं आहे. पहिलं कडवं एकटीने कोण म्हणणार, ते मी बाईंना रिकामं ठेवायला सांगितलंय. आवाज बसलाय ही सबब मी ऐकणार नाही. तो ऐंशी वर्षांचा असेल तरी चालेल, संत योसेफाचं नाकही कुठे जागेवर आहे.

ता. क. ३. सूनबाई, तू चहा टाकायला गेली नसशीलच. बरंच झालं. तिकिटं तू काढ आणि तिला घेऊन ये.

ता. क. ४. ताई, नाटक झालं की सेक्रेटरी तुझ्या हातात माइक देतील आणि विचारतील, मूर्ती खरंच कोणाच्या हातून पडली? मी तुझ्या शेजारीच उभा असेन आणि मला उचकी लागलेली असेल. तू माझ्याकडे बघशील, आणि तुला मी ओळखतो, पटकन म्हणशील की माझ्याच हातून. तसं म्हणू नकोस. तुझ्याशिवाय माझं खरं इथे कोणी मानणार नाही. या वेळी तरी माझं नाव सांग.