कोऱ्या पानावरचा बायोडेटा

बिबवेवाडी, पुणे
रविवार

प्रिय निकिता,

सप्रेम जयभीम.

प्रथम आनंदाची वार्ता. वाघोलीच्या एका कला महाविद्यालयाने, मुलांना हाताने अक्षरांचे खिळे जुळवून छपाई शिकवण्यासाठी, मला आठवड्यातून दोन दिवस बोलावले आहे. वयाच्या शहात्तराव्या वर्षी तुझा आजोबा शिक्षक झाला! बुधवार पेठेतील आमचा छापखाना बंद झाल्यापासून ही बोटे नुसती वर्तमानपत्राच्या घड्या घालत होती.

निवडीसाठी त्यांना माझा बायोडेटा हवा होता, तोही संगणकावर केलेला. तू हैदराबादहून फोनवर तीन सॉफ्टवेअरची नावे सांगितलीस, ती वहीत उतरवून मी खाली आमोदच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्याने विचारले, "आजोबा, बायोडेटा नोकरीचा की लग्नाचा? दोन्ही मिळतील." मी म्हणालो, "आधी नोकरी लागू दे. बेकार माणसाला मुलगी कोण देतो?" गिऱ्हाइके हसली, मी हसलो नाही.

पहिले सॉफ्टवेअर फारच नटवे निघाले. डाव्या अंगाला जांभळा पट्टा, त्यात गोल फोटो, आणि प्रत्येक कौशल्यापुढे पाच चांदण्या. आपल्याच कामाला आपणच चांदण्या द्याव्यात, ही रीत मला पटली नाही. दुसऱ्याने माझा परिचय परस्पर लिहून दाखवला: 'उत्साही, मनमिळाऊ, सर्वांना सोबत घेऊन चालणारा.' हा गृहस्थ माझ्या ओळखीचा नव्हता. छापखान्यातील एकेचाळीस वर्षांत मी कामाच्या वेळी कोणाशी चार शब्द बोललो नाही.

तिसरे मात्र मनापासून आवडले. समास सारखे, ओळींतील अंतर नेमके. आमच्या छापखान्याच्या मालकांनीही त्याला नावे ठेवली नसती. परंतु शिक्षणाच्या रकान्यात ते काही लिहू देईना. तयार यादीतूनच निवडायचे, आणि यादीचा आरंभच दहावीपासून. आमोद म्हणाला, "टाका की दहावी. या वयात तुमचं सर्टिफिकेट कोण मागतंय?" माझे बोट त्या शब्दावर बराच वेळ थांबले. मग मी ते बंद करण्यास सांगितले आणि साधे कोरे पान उघडून घेतले. त्यावर सारा मजकूर एकेका बोटाने मीच टंकला, मीच मांडला. दोन दुपारी गेल्या, पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. हा बायोडेटा लग्नपत्रिकेसारखा दिसतो, असे आमोदचे मत आहे. त्याला कौतुक करता येत नाही.

वाघोलीच्या महाविद्यालयातील प्रमुख सत्यशीलाबाईंना तो इतका आवडला, की पुढील महिन्यात तो जसाच्या तसा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर येणार आहे. तू तो उघडून वाचशील, हे मी जाणतो. म्हणून त्याआधी हे पत्र. त्यात शिक्षणापुढे लिहिले आहे: इयत्ता चौथी उत्तीर्ण. दहावीच्या सहामाहीत तू गणितात नापास झालीस, तेव्हा 'मी मॅट्रिक एका दमात झालो' असे सुनावून मी तुझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. ते असत्य होते. शाळांच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका मी शेकड्यांनी जुळवल्या. सोडवली एकही नाही. त्या दोन दिवसांबद्दल मी तुझी क्षमा मागतो. माझ्या वर्गात कोणालाही नापास केले जाणार नाही, असे सत्यशीलाबाईंना मी आधीच कळवले आहे.

तुझाच,
आजोबा