बेपत्ता भावाचा वाटा

मी, विधिमंडळाच्या कचेरीतला मसुदाकार, वय त्रेपन्न, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, यकृत नाही. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपणाखाली लिहिलेलं सगळं राजपत्रात छापून आलेलं आहे.

१. शरियतप्रमाणे मृत्युपत्रात मालमत्तेच्या एक तृतीयांशापलीकडे माझा हुकूम चालत नाही, बाकी वारसांचं. तेव्हा थोडक्यात.

२. पुस्तकं महाविद्यालयाला. जुन्या कायदेपंडितांनी राज्यकर्त्याला पाच गोष्टी राखायला सांगितल्या: धर्म, जीव, बुद्धी, वंश, मालमत्ता. ती राज्यकर्त्याला मोजायची पट्टी होती. आमच्याकडे तिचे प्रत्येक विधेयकावर पाच चौकोन झाले. एकात तरी खूण हवी. खुणा करायचं काम माझं.

३. घरून कचेरीत नेलेली खुर्ची विभागप्रमुखांना. तिचा एक पाय आखूड आहे, पण साहेबांना झुकून बसायची सवय आहे. मी त्यांना विचारलं होतं, "साहेब, विनाचौकशी अटकेचा कायदा कुठल्या चौकोनात बसवू?"

"अहो, जीवरक्षण. माणसं आत असली की रस्त्यावर अपघात कमी."

मी हसलो आणि खूण केली.

४. त्याच कायद्याखाली माझ्या धाकट्या भावाला नेलं. शाळामास्तर तो. वर्गात एवढंच म्हणाला होता, की राज्यकर्त्याने हे पाच उद्देश पाळले का, हे त्याला विचारायचं कोणी? चार वर्षं तुरुंगाच्या फाटकावर मला एकच उत्तर मिळतं: "असा कोणी इथे नाही."

५. घर निम्मं मुलीचं, उरलेलं भावाचं. बेपत्ता माणसाला जिवंत धरून त्याचा वाटा राखून ठेवावा, असं शरियत सांगते. त्याला जिवंत मानणारं एवढं एकच कलम उरलं होतं. मुलीला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "अब्बा, घर विकल्याशिवाय मी इथून निघू कशी? मलाही दोनदा चौकशीला बोलावलंय. चाचा परत येतील असं तुम्हाला तरी वाटतं का?"

मी प्यायला पाणी मागितलं.

६. सबब कलम ५ रद्द. भावाला मृत जाहीर करावं असा न्यायालयाला अर्ज सोबत जोडला आहे. दुसरा वारस नाही. सगळं घर मुलीचं. तिने ते विकावं आणि जावं, मागे वळून पाहू नये. अर्ज तिला लिहू दिलेला नाही. अर्जदार मी, अक्षर माझं. मृत्यूच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून आजची घातली आहे.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), रोज इंजेक्शन द्यायला येणाऱ्या परिचारिका (सही)

ठिकाण: राहतं घर, वरचा मजला

तारीख: अर्जातलीच

(सही) मसुदाकार, थोरला भाऊ