भिंगरीने पाठवलेले अल्बम

प्रिय भिंगरी,

हे पत्र हातात पडलं की आधी खाली बस, कारण मी चिडलेली आहे आणि चिडलेल्या बाईचं पत्र उभ्याने वाचू नये. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. चौथीत शाळा सुटल्यावर मी लिहिलं ते फक्त चादरींच्या गठ्ठ्यांवर, त्यात कोणाचं अक्षर सुधारत नाही. आमचे हे मघापासून दारातून डोकावून जातायत. मला विचारतात, मृत्युपत्र करतेस की काय. मी म्हटलं, करतेय, तुम्हाला काही ठेवलेलं नाही, जा आत.

तुला फोन करून करून माझा अंगठा दुखायला लागला. तू कट करतेस आणि मागून मेसेज टाकतेस, "कामात आहे". सुट्टीच्या दिवशी कसलं गं काम? छापखाना काय घरी आणून ठेवलायस? मी विचारते, बरी आहेस ना? तू पाठवतेस एक अंगठा. मी विचारते, येतेस कधी? पुन्हा अंगठा. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला अंगठा दाखवतात का कोणी? आणि त्याच्या पाठोपाठ गाण्यांचा एक अल्बम पाठवतेस आणि खाली लिहितेस, "शेवटपर्यंत ऐक". हुकूम सोडल्यासारखं. तुला आम्हाला तोडायचंय का, एवढं एकदा स्पष्ट सांग. तोडायचं असेल तर नीट भांडून तोड. हे असं दुरून दुरून सरकत जाणं माझ्या डोक्यात जातं.

आपल्या गाणी ऐकायच्या गेल्या बैठकीचं सांगते, म्हणजे तुला कळेल तुझ्यामुळे माझं काय होतं ते. डेंटर गाड्यांचे पोचे काढतो त्या गॅरेजातच बसलो होतो. त्याने एका गाडीचं अख्खं तोंड उतरवून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही तिघं भिंतीला चिकटून. मास्तर शाळेतून पेपर तपासायला घेऊन आले होते, ते गठ्ठ्यावरच बसले. आधी आपलं मेटल झालं, तोच गिटार-ड्रमचा धिंगाणा. डेंटरने नवीन काहीतरी आणलं होतं, इतकं जोरात की वरून पत्र्याची धूळ पडली. मजा आली. मग शेवटचा अल्बम बाहेरचा, तूच घालून दिलेला नियम. मेटल सोडून काहीही आणा, कितीही विचित्र आणा, पण अख्खा ऐकायचा, मध्ये कोणी बोलायचं नाही, उठायचं नाही, आणि संपला की एकेकाने "ठेव" नाहीतर "फेक" म्हणायचं. पाळी तुझी होती. बाईसाहेब आल्या नाहीत, अल्बम आला.

अगं, सुरुवातीला मला वाटलं मागे वायर निघाली. नुसतं हूंऽऽ. ना ढोल, ना तार, ना माणूस. डेंटर मागे जाऊन बघायला उठला, तर मास्तरांनी त्याची पँट धरून खाली बसवला, नियम म्हणजे नियम. मग आम्ही तिघं त्या उतरवलेल्या गाडीकडे बघत बसलो. हूं संपेल मग काही सुरू होईल अशी वाट बघत. हूं संपलं आणि अल्बमच संपला. डेंटर म्हणाला, "फेक. माझा कंप्रेसर याच्यापेक्षा सुरात आहे." मास्तर म्हणाले, "फेक, आणि मला माझी संध्याकाळ परत द्या." मी काहीच बोलले नाही. मी गप्प बसले म्हटल्यावर दोघं घाबरलेच. मग डेंटर हळूच म्हणाला, भिंगरी आता मोठ्या लोकांत उठबस करते वाटतं, आपल्याला शिकवायला असलं पाठवते. तिची खुर्ची काढून टाकू, पंक्चरवाला कधीपासून यायचं म्हणतोय. मी म्हटलं, त्या खुर्चीला हात लाव, तुझ्या बोनेटसकट तुला चेपून ठेवते. म्हणजे बघ, तू तिकडे अंगठे दाखवत बसायचं आणि इकडे मी तुझ्यासाठी भांडायचं. मनातून मलाही "फेक" म्हणायचं होतं.

कारण तू अशी नव्हतीस. पॅकिंगच्या कारखान्यात आपण खोके चिकटवायचो तेव्हा त्या ट्रकवाल्याने दिलेली मेटलची कॅसेट आठव. एकच वॉकमन, एक वायर तुझ्या कानात, एक माझ्या, आणि तू मान हलवायला लागलीस की माझ्या कानातली निघायची. तुझे ते केस गरागरा फिरायचे, खळीच्या डब्यात जायचे. मुकादम म्हणाला होता, ही पोरगी आहे का भिंगरी. त्यानंतर तुला खऱ्या नावाने कोणी हाक मारली असेल तर शप्पथ. मला मेटल आवडलं कारण त्यात माझ्यासारखं कोणीतरी ओरडत होतं. पण मेटलच्या बाहेर मला तू नेलंस. नाहीतर मी त्याच चार कॅसेटी घासत बसले असते. करवतीवर सारंगीचा गज फिरवून वाजवणाऱ्या त्या बाईचा अल्बम तूच आणला होतास. इतका बारीक सूर, सुईच्या टोकाएवढा, आणि डेंटरसारखा दगड डोळे पुसत होता आणि थिनरचा वास लागला म्हणत होता. मग त्या दोन भावांचा, नुसती खेळण्यातली वाद्यं, पिपाणी, टिनाचा पियानो, आणि मध्येच असं काही भयानक व्हायचं की मास्तरांनी त्या दिवशी घरी एकटं जायला नको म्हटलं. मी आणला होता तो घोगऱ्या म्हातारीचा, सोबत एकच ढोल. तू "ठेव" इतक्या जोरात ओरडलीस की शेजारचे आले. तुझ्या प्रत्येक अल्बमात काहीतरी घडायचं. मी घरी जाऊन पोळ्या लाटताना तेच डोक्यात.

आणि आता बघ. त्या सगळ्यानंतर तू पाठवलास तो चर्चमधल्या मोठ्या पेटीचा, खालचा एकच सूर धरून ठेवलेला. म्हटलं ठीक, एखादा चुकतो. मग तो जहाजाच्या तळातला आवाज. मग ते चार जण घशातून घुमणारे. मग हा हूं. दर वेळी आधीच्यापेक्षा खाली, आधीच्यापेक्षा कमी. मास्तर म्हणतात हे प्रयोग असतात, समजून घ्यावे लागतात. मी म्हटलं, मास्तर, प्रयोग मलाही कळतो, हा भाव खाणं आहे. भिंगरीला वाटतं आता आपण तिच्या लायकीचे राहिलो नाही.

असं मला वाटायला एक कारण होतं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. म्हणजे तुला सांगितलं होतं, तिथेच तर सगळं अडलंय.

तू मागे माझ्याकडे आली होतीस तेव्हाची गोष्ट. सूनबाई माहेरी, हे बाहेर. तू ओट्याशी शेंगदाणे खात उभी होतीस, मी तुझ्याकडे पाठ करून भांडी घासत होते. मी कशी बोलते ते तुला माहीत आहे, मला भोंगा नाव तूच ठेवलंस. पण ते मी हळू बोलले. तुझ्याकडे बघून बोलायचा धीर नव्हता म्हणून नळ चालू ठेवून, पातेल्याकडे बघत बोलले. छातीत गाठ लागलीय, उद्या तपासायला बोलावलंय, घरात कोणाला सांगितलं नाही, तू येशील का माझ्याबरोबर. एवढंच. आणि वाट बघत राहिले. तू शेंगदाणे संपवलेस, हात झटकलेस आणि म्हणालीस, "चहात साखर कमी घाल हं." आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलीस.

मी चहा केला. साखरही कमी घातली. दुसऱ्या दिवशी एकटी गेले. गाठ साधी निघाली, काळजीचं काही नाही, आता तर ती जागाही सापडत नाही. पण त्या बाकड्यावर बसले होते ना नंबर लागायची वाट बघत, तेव्हा मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की गाठीची भीती वाटायलाही वेळ मिळाला नाही. त्यानंतर तुझा एकेक अल्बम आला की मला ते "साखर कमी घाल" ऐकू यायचं. असली निगरगट्ट बाई आणि मला म्हणते शेवटपर्यंत ऐक!

आता गेल्या आठवड्याचं. आमच्या लाँड्रीत बॉयलर बंद पडला. हॉस्पिटलच्या चादरी तुंबलेल्या, पोरींना मालकाने घरी पाठवलं, मी मात्र घड्या घालायला थांबले, कारण वाळलेल्या चादरी तशाच टाकल्या की दुसऱ्या दिवशी माझ्याच जिवाला त्रास. मशीन बंद, पंखा बंद, लाँड्री इतकी शांत मी कधी बघितली नव्हती. पोरींच्या गाण्यांसाठी तिथे जुना मोठा स्पीकर आहे, त्या लांब पत्र्याच्या टेबलाला टेकवून ठेवलेला. म्हटलं लावू या बाईचं हूं. पुन्हा एकदा नीट ऐकते आणि मग तोंडावर सांगते, फेक म्हणून, कारणांसकट. लावलं. आवाज वाढवला. घडीवरून हात फिरवायला दोन्ही तळवे टेबलावर टेकले आणि तसेच राहिले.

अगं, टेबल वाजत होतं. हूं कानात नव्हतंच, ते हातात होतं. खालून यायचं, मनगटातून कोपरात जायचं, थांबायचं, परत यायचं, वेगळं होऊन यायचं. एक लाट मोठी, मग दोन बारीक, मग काहीच नाही, आणि मग असा धक्का की घड्या हलल्या. त्यात घडत होतं सगळं! गॅरेजात आम्ही खुर्च्यांवर नि पेपरांच्या गठ्ठ्यावर बसून त्याची वाट बघत होतो. मी हात उचलला की नुसतं हूं, टेकवला की अख्खा अल्बम. मग मी ते चर्चच्या पेटीचं लावलं. तेही तसंच. जहाजाचं, त्या घुमणाऱ्या चौघांचं, एकूण एक सगळे तसेच. मी चादरी तशाच टाकून टेबलावर गाल टेकवून ऐकत बसले, आणि मालक आला, त्याला वाटलं मला चक्कर आली.

आणि मग माझं डोकं चालायला लागलं. शेवटचं तू गॅरेजात आली होतीस तेव्हा खुर्ची सोडून स्पीकरच्या खोक्यावर जाऊन बसलीस आणि म्हणालीस, पाठीला शेक बरा वाटतो. स्पीकरचा कसला गं शेक? डेंटर मिशीत बोलतो तर तू त्याच्यावर खेकसलीस, मिशा काप म्हणून. मास्तरांनी विचारलं, बस किती वाजता आहे, तर तू म्हणालीस, मस्त आहे. आम्ही हसलो, तूही हसलीस, आमच्या नंतर. आमच्या तोंडाकडे बघून. करवतीवरच्या बाईचा तो बारीक सूर पुन्हा लावायचा म्हटल्यावर तू म्हणालीस, नको, तो अल्बम जुना झाला. अल्बम जुना झाला नव्हता. तुला तो ऐकूच येत नव्हता.

किती दिवस झाले गं? छापखान्यात सांगितलंयस का? नाही सांगितलंस, मला माहीत आहे तू नाही सांगितलंस, काढून टाकतील म्हणून. आणि रोज त्या कागद कापायच्या मशीनवर उभी राहतेस. मागून कोणी "थांब" म्हणून ओरडलं तर तुला कळणार कसं? हात गेल्यावर? हे मनात आल्यापासून मला झोप नाही आणि तुझा इतका राग आलाय की भांडी आपटून आपटून घरातल्यांना सळो की पळो करून सोडलंय. सगळ्या जगाला फसव, तुझा स्वभावच तसला. पण मला? माझ्यासमोर ओठ बघून बघून अंदाजाने बोलायचं, चुकलं की हसायचं, फोन आला की कापायचा, आणि मी तुला गर्विष्ठ समजून मोकळी! त्यापेक्षा सांगायचं होतंस. मी तुझ्या तोंडासमोर उभी राहून बोलले असते, भोंगाच आहे मी, अजून जोरात बोलले असते. आणि त्या दिवशी नळ बंद करून, तुझ्याकडे तोंड करून सांगितलं असतं. तू आली असतीस. माझा हात धरून त्या बाकड्यावर बसली असतीस आणि डॉक्टरलाच दम दिला असतास. हे मला आता कळलं, आणि कळल्यावर मी टेबलावर बसून रडले, चादरींना तोंड पुसलं, त्या परत धुवाव्या लागल्या.

आता हे सगळं मी फोनवर कसं सांगणार होते? आणि मेसेज केला असता तर तू "काहीतरीच काय" लिहून वर एक अंगठा टाकला असतास आणि छापखाना बदलून आणखी लांब गेली असतीस, तुला मी ओळखते. म्हणून पत्र. यातलं एक अक्षरही तुझ्या हातून निसटणार नाही, आणि मध्येच कापताही येणार नाही. डेंटरला, मास्तरांना मी काही सांगितलेलं नाही, ते तू सांगायचंस, तुझ्या वेळेने, पण सांगायचंस. रविवारी मी सकाळच्या गाडीने येतेय. दोन दिवसांचे कपडे घेऊन येतेय, कारण सोमवारी आपण दोघी कानाच्या डॉक्टरकडे जाणार आहोत आणि तिथून तुझ्या साहेबाकडे. तो नाही म्हणाला तर त्याच्याशी बोलायला मी आहेच. नको म्हणू नकोस, तुझं ऐकायला मी येतच नाहीये. फक्त एक कर, रविवारी दाराला आतून कडी लावू नकोस. मी बेल वाजवणार नाही, तशीच आत येईन.

तुझीच,
भोंगा