राखीव तारपा

१ नोव्हेंबर २०१७, वेवजी

किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला हाकललं. बाने बनवलेला तारपा त्याला भिंतीवर टांगायला हवा होता, तोही आकाशकंदिलाच्या भावात. "वाजला नाही तरी चालेल," म्हणे! तो गेल्यावर बा म्हणाला, "हा शेवटचा. यापुढे नाही बनवणार."

असा कसा शेवटचा? फुंकायच्या भोपळ्यापासून जोडाच्या मेणापर्यंत सगळं त्याच्या हातचं. त्याच्या कामाची किंमत काय, ते त्याला दाखवतोच.

२ नोव्हेंबर

तलासरीला मनिषच्या मोबाइलच्या दुकानात मी काम करतो, तिथल्या कॉम्प्युटरवर तारपा लिलावाला चढवला. बोली अगदी खालून सुरू केली, म्हणजे माणसं जमतात. पण आत एक राखीव किंमत लावता येते — ती फक्त मला आणि साइटला माहीत. बोली तिथवर आली नाही, तर विकायचं बंधन नाही. आली, तर माघार नाही. द्यायचाच.

मी हॉटेलवाल्याच्या चौपट टाकली. मनिष म्हणाला, "शेठ, जरा जमिनीवर या." म्हटलं, तारपा माझ्या बाचा, तुझा भाव नको. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच इतकं ठाम वाटलं.

४ नोव्हेंबर

बोली चढतेय. खाली तेच वाक्य — राखीव किंमत गाठलेली नाही. एकाने विचारलं, सांगून टाका ना किती आहे. सांगितली तर सगळे तिथेच येऊन थांबतील. नाही सांगितली.

जेवताना बा म्हणाला, "गेला का?" मी म्हटलं, "नाही, राखीव आहे." बाने मान डोलावली. फारच खुशीत दिसला.

५ नोव्हेंबर, रविवार

घोटाळा. बाला वाटलं, मी तारपा कोणासाठी तरी राखून ठेवलाय. पाड्यावर सांगून मोकळा! सकाळी बोअरिंगवर शेजारची बायजी म्हणाली, "कोणासाठी राखलास रे? त्या कोसबाडवालीसाठी?" सगळ्या बाया हसल्या.

कोसबाडवाली म्हणजे प्रगती. पलीकडच्या पाड्यावरची. कोसबाडला शिकते, सुट्टीला घरी येते. तिच्याबद्दल मी या पानांबाहेर अक्षर काढलेलं नाही. तोंडावर लिहिलंय की काय? बायजीवर ओरडलो. त्यानेच सगळ्यांची खात्री पटली.

संध्याकाळी प्रगतीच रस्त्यात भेटली. "माझ्यासाठी काहीतरी राखलंय म्हणे, उमेश?"

मी घाबरून लिलाव समजावत सुटलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आतला आकडा दिसत नाही, मग घेणाऱ्याला कळणार कसं?"

"नाही कळत. बोलत राहायचं, वर वर."

"आणि कोणी बोललंच नाही तर?"

"तर मुदत संपते. वस्तू घरीच राहते."

"बरंच कळतं की तुला," म्हणाली आणि गेली.

मला वाटलं, कौतुक केलं. आता लिहिताना उजेड पडतोय.

९ नोव्हेंबर

संपला लिलाव. शेवटची बोली पुण्याच्या एका माणसाची, राखीव किमतीच्या जरा खाली अडकली. अशा वेळी साइट विचारते, याच बोलीला द्यायचा का? मनिष मागून, "दे रे, हॉटेलवाल्याच्या तिपटीच्या वर आहे!" मी पुण्याच्या माणसाला मेसेज टाकला — वाजवणार कोण? उत्तर आलं, वाजवायचा कशाला, हॉलमध्ये शोभेल.

'नाही' दाबलं. मनिषने कपाळाला हात लावला.

घरी येऊन बाला सांगितलं. तिपटीच्या वर मिळत होते, तरी दिला नाही. बा उठून कुंपणाकडे गेला आणि वेलावर सुकायला सोडलेले भोपळे बोटाने ठोकून बघायला लागला. एकाला कान लावला, मान हलवली, दुसरा धरला. पुढच्या तारप्यासाठी!

१० नोव्हेंबर

आज दिवसभर छाती काढून फिरलो. मनिषला चहा पाजला.

१२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बा तारपा घेऊन प्रगतीच्या घरी गेला. मागणी घालायला. मला न विचारता! राखीव म्हणजे काय, हे त्याला समजावायचं मी अजून टाळतच होतो.

रिकाम्या हातांनी परत आला. तारपा तिकडेच. म्हणाला, "पोरगी म्हणते, काका, तुम्ही नका बोलू. त्याच्या तोंडून ऐकायचंय."

निघतो.