उघडा सोडलेला करंट ट्रान्सफॉर्मर

८ फेब्रुवारी, लातूर
"चालू लाइनवरच्या सीटीची वायर कधी उघडी सोडायची नाही." लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी डाळमिलचं पॅनल दाखवताना सांगितलेलं. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, करंट मोजायला केबलवर बसवलेलं कडं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, आणि हे मलाच शिकवत होते. मी हसले होते.
आज त्याच पॅनलवर बळीचा उजवा हात भाजला.

९ फेब्रु.
बळी, माझा धाकटा भाऊ, ह्यांच्याच हाताखाली इलेक्ट्रिशियन. करंट दाखवणारा अ‍ॅमीटर बदलायचा होता. तुरीचा सीझन, मिल थांबवायची नाही. बळी म्हणाला, "दाजी, आधी सीटीची टर्मिनल तारेनं जोडून शॉर्ट करतो, उघडी नको राहायला." हे म्हणाले, "काय होत न्हाई, काढ बिगीबिगी. शेठ बघून राहिलेत." वायर सुटली आणि भडका.
दोन बोटं वाचतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

११ फेब्रु.
मिलचे मालक शेठ घरी आले, मोसंबी घेऊन. हे सांगत होते, "ट्रान्सफॉर्मर रिकामा असला की गप असतो, शेठ. बळीनंच घाई केली."
अर्धं खरं, म्हणून जास्तच खोटं. गेटजवळचा मोठा ट्रान्सफॉर्मर पुढं लोड नसला की नुसता गुणगुणतो. त्याच्या गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेजवर ठरतं. व्होल्टेज फार चढलं तर तो संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही. सीटीचं तसं नाही. मिलचा करंट तिला न विचारता आतून जातो. मीटरच्या वायरीतला करंटच तिचा गाभा आवरून धरतो. ती वायर सोडली की आवरणारं कुणी नाही. गाभा संपृक्त, आणि उघड्या टोकांवर भयंकर व्होल्टेज उसळतं.
दरवर्षी फळ्यावर शिकवते हे. आज चहाचा ट्रे धरून गप्प उभी राहिले. मी!

१३ फेब्रु., अर्धापूर
माहेरी आले. माय बळीला शिकरण भरवत होती. "अक्का, डाव्या हातानं मिशी कापली, बघ, वाकडी. एक बाजू दाजींची, एक माझी." हसला. मग हळूच, "त्यांना काय म्हणू नको. तुझं घर हाय."
मायचंही तेच. जावई! जावई!
शेठनं त्याला काढलं. निष्काळजी माणूस नको म्हणे. बाकीच्या मिलवाल्यांनाही कळवलंय. आता कोण ठेवणार?

१४ फेब्रु., लातूर
"सीटीचं तुम्हाला माहीत नव्हतं?"
ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग, "माहीत होतं. म्हणून नोकरी घालवू?"
पॅनल दाखवलं त्या दिवशी मी जवळ गेले तर ह्यांनी दंड धरून मागं ओढलं होतं. किती घट्ट. ते आठवलं की राग आणखी...

१५ फेब्रु.
आज मिलमध्ये सगळ्यांना सुरक्षेबद्दल बोलावलंय. शेठनं ह्यांनाच बोलायला सांगितलंय. आता दारात बूट घालतायत. ऐकणार नाहीत, ठाऊक आहे. तरी डबा देताना म्हणणार आहे: अहो, सगळ्यांसमोर एवढंच सांगा, "बळी शॉर्ट करत होता. मीच नको म्हणालो."